ज्याची पाळी, त्याचं पाणी

डेमुल, स्पिती (हिमाचल प्रदेश). ऑगस्ट, रात्री

कोमिकहून निघालो तेव्हा तंग्युद गोंपात, म्हणजे तिथल्या बौद्ध मठात, सकाळची पूजा चालू होती. पुढे दिवसभरात वाटेवर एकही झाड नाही. ४,५०० मीटरच्या वर साध्या चढालाही छाती भरून येते. थोडं चालायचं, थांबायचं, मागे वळून चाऊ चाऊ कांग नीलदाचं ६,३०३ मीटरचं शिखर डोळे भरून बघायचं.

धार उतरल्यावर खाली डेमुल दिसलं. मातीची पांढरी घरं, छपरांवर काटक्या-गोवऱ्यांच्या राशी, भोवती जव आणि मटार.

इथे कुणाकडे उतरायचं ते आपण ठरवायचं नसतं. ज्या घराची पाळी, त्या घरी पाहुणा. आमच्यातल्या एकाला खिडकीतून डोंगर दिसणारं वरचं घर हवं होतं. यजमानांनी हसून नकारार्थी मान हलवली. मला ते फार पटलं. शहरातून यायचं आणि असा हट्ट धरायचा, हे बरं नाही. जास्त पैसे पुढे करून तर मुळीच नाही.

संध्याकाळी घरातल्या आमांच्या (इथे आईला आमा म्हणतात) मागोमाग शेतावर गेलो. पाटाच्या पाण्याची आज त्यांची पाळी होती. दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवताना, मी गावाकडे लहानपणापासून पाहिलंय, तरी बघतच राहिलो. आमांनी पाटाच्या तोंडावरचा चपटा दगड उचलला, त्याला लावलेलं गवताचं ढेकूळ पायानेच सारलं आणि पाणी जवाच्या वाफ्यात वळलं. वाफा भिजला की तेच ढेकूळ परत जागेवर, थापून घट्ट. मग पुढचा वाफा. मोडक्या हिंदीत त्या म्हणाल्या, हिवाळ्यात बर्फ कमी पडला की काही शेतं पडीकच ठेवावी लागतात. पावसाचे ढग दक्षिणेकडच्या उंच रांगाच अडवतात, त्यामुळे इथली सगळी शेती वितळलेल्या बर्फावर. असल्या ठिकाणी एकानेही पाळी मोडली तर शेजाऱ्याचं वर्ष जातं.

रात्री तंदूरभोवती, म्हणजे खोली ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीभोवती, सगळे बसलो. गरम थुकपा (शेवयांचं सूप), मग लोण्याच्या खारट चहात कालवलेलं सातूचं पीठ. पोट शांत झालं.

उद्या लिंगटी नदीपर्यंत उभा उतार आणि पलीकडे चढून ल्हालुंग. तिथला सेरखांग, म्हणजे सोन्याचं देऊळ, हजारेक वर्षांपूर्वीचा तिबेटी भाषांतरकार रिंचेन झांगपो याच्या काळातला मानतात. ताबोचा गोंपा तर ९९६ सालचा. आजवर स्पितीत मी आलो ते या मूर्ती आणि भित्तिचित्रांच्या ओढीने. उद्या ल्हालुंगला पोचलो की आधी गावाचा पाट बघणार, मग गोंपा.