इऑन, इरा, इपॉक: सगळ्यांना ‘युग’ म्हणून भागत नाही

इंग्रजी विज्ञानलेखाचा मराठी अनुवाद तपासताना आधी काळाचे शब्द पाहावेत. मुळात इऑन, इरा, पीरियड, इपॉक आणि एज असे पाच वेगळे शब्द असतात आणि अनुवादात पाचही ठिकाणी ‘युग’ बसलेले असते. वाचताना काही खटकत नाही, पण कोण कोणाच्या पोटात आहे हे पार पुसले जाते.

भूविज्ञानात या पाचांची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत मोठा इऑन, त्यात इरा, त्यात पीरियड, मग इपॉक आणि शेवटी एज. आपला आजचा पत्ता असा: फॅनरोझोइक इऑन, सिनोझोइक इरा, क्वाटर्नरी पीरियड, होलोसीन इपॉक, मेघालयन एज. डायनोसॉरवाल्या लेखांत ‘ज्युरासिक इरा’ हमखास सापडते. ज्युरासिक हा पीरियड आहे. त्याची इरा मेसोझोइक.

यातला एकही शब्द ठरावीक वर्षांचा नाही, आणि चुकांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. शतक म्हटले की शंभर वर्षे. इरा म्हटले की अमुक इतकी, असे काही नाही. क्रिटेशस हा नुसता पीरियड, पण तो साडेसात कोटी वर्षांहून जास्त चालला. त्यानंतरची अख्खी सिनोझोइक इरा आजपर्यंत ६ कोटी ६० लाख वर्षांची भरते. पायरीने खालचा असलेला वरच्यापेक्षा लांब निघतो, कारण सीमा आखल्या जातात त्या खडकांत दिसणाऱ्या बदलांवरून, बहुतेक वेळा जीवाश्मांवरून. कुठल्या ठिकाणच्या कुठल्या थरात सीमा मानायची हेही आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवले जाते. अशी पहिली सीमा १९७२ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या क्लाँक इथे सिल्युरियन आणि डेव्होनियन यांच्यामध्ये पक्की झाली. फार जुन्या खडकांत उपयोगी पडतील असे जीवाश्मच मिळत नाहीत, म्हणून आर्कियन इऑन संपून प्रोटेरोझोइक सुरू होण्याची वेळ सरळ २५० कोटी वर्षांपूर्वी अशी गोल आकड्याने मानली आहे. मेघालयन एजची सीमा आपल्याकडची: मेघालयातल्या मॉम्लू गुहेतला एक चुनखडीचा स्तंभ. हे नाव २०१८ साली मान्य झाले आणि या एजची सुरुवात इ.स. २००० च्या ४,२५० वर्षे आधी धरतात.

मराठी भूविज्ञानलेखनात इरासाठी महाकल्प आणि पीरियडसाठी कल्प रुळलेले आहे. पुराजीव महाकल्प, मध्यजीव महाकल्प ही नावे विश्वकोश चाळणाऱ्यांच्या ओळखीची असतील. इपॉकला युग म्हणावे. मग इऑनला काय? महाकल्प आधीच खर्ची पडलेला, म्हणून इऑन तसाच देवनागरीत ठेवलेला बरा. ओढूनताणून ‘अतिमहाकल्प’ केला तर वाचक बिचकेल. शिवाय पुराणांतला कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि कलियुग ४,३२,००० वर्षांचे. भूविज्ञानातला कल्प यापेक्षा कितीतरी लहान आणि युग बहुतेक वेळा पुष्कळ मोठे. लेखात दोन्ही येत असतील तर पहिल्याच उल्लेखात फरक सांगून टाकावा. अश्मयुग, ताम्रयुग यांतले युग तिसरेच. ते पुरातत्त्वाचे आहे, आणि प्रदेश बदलला की त्याच्या तारखाही बदलतात.

इपॉकचा आणखी एक अर्थ आहे, तो तर उलट्या बाजूचा. खगोलशास्त्रात आणि संगणकात इपॉक म्हणजे मोठा काळ नव्हे, तर मोजणी जिथून सुरू होते तो क्षण. युनिक्स प्रणालीचा इपॉक १ जानेवारी १९७०. गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथाचे (ग्रहगणिताच्या पुस्तकाचे) गणित शके १४४२ पासून चालते, तोही इंग्रजीत इपॉकच. इथे युग लिहिले तर वाक्याचा अर्थच जातो. आरंभक्षण किंवा आरंभवर्ष लिहावे. इराचेही असेच: राजाभिषेक शक, विक्रम संवत यांनाही इंग्रजीत इरा म्हणतात, आणि तिथे महाकल्प लिहिणे हास्यास्पद होईल.

आता आकडे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. मिलियनचा आकडा दहाने भागला की कोटी मिळतात, बिलियनचा शंभराने गुणला की कोटी. ६६ मिलियन म्हणजे ६.६ कोटी, म्हणजे ६ कोटी ६० लाख, २.५८ मिलियन म्हणजे २५ लाख ८० हजार, ४.५४ बिलियन म्हणजे ४५४ कोटी. नेहमीची चूक म्हणजे ६६ मिलियनचे ६६ लाख. दख्खनच्या लाव्ह्याचा मोठा भाग ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास ओतला गेला. ६६ लाख लिहिले की सह्याद्रीचा बेसाल्ट एकदम दहापट तरुण होतो. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत बिलियन म्हणजे लाख कोटीही असू शकतो. ब्रिटिश सरकारने शंभर कोटींचा बिलियन १९७४ साली स्वीकारला, तेव्हा त्याआधीचे पुस्तक असेल तर संदर्भ पाहूनच आकडा उतरवावा.

शोधनिबंधांत वर्षांऐवजी के-ए, एम-ए, जी-ए अशी चिन्हे असतात: हजार, दहा लाख आणि शंभर कोटी वर्षे. लोणार सरोवराचे वय एका जुन्या मापनात सुमारे ५२ के-ए होते, नंतरच्या आर्गॉन मापनात सुमारे ५७० के-ए आले. म्हणजे ५२ हजार आणि ५ लाख ७० हजार. ५७० के-ए ऐवजी चुकून ५७० एम-ए वाचले तर लोणार ज्या बेसाल्टमध्ये कोरले गेले, त्या बेसाल्टपेक्षाही जुने ठरण्याची वेळ येईल. एम-ए हे चिन्ह साधारणपणे ‘इतक्या वर्षांपूर्वी’ या अर्थी येते. कालावधी सांगायचा असेल तर पुष्कळ जण एम-वाय-आर लिहितात.

बीपी हे आणखी एक अक्षरयुग्म. रक्तदाब नव्हे, ‘वर्तमानापूर्वी’, आणि हे वर्तमान १९५० सालापाशी थांबवलेले आहे. ४२०० बीपी म्हणजे इ.स.पू. ४२०० नव्हे, तर साधारण इ.स.पू. २२५०. ही चूक झाली की कुठलीही संस्कृती दोन हजार वर्षांनी जुनी होते आणि मग ते वाक्य समाजमाध्यमांवर फिरत राहते. कार्बन-१४ च्या तारखेत आणखी एक पेच असतो: ती कॅलिब्रेट केलेली (प्रत्यक्ष वर्षांशी जुळवून घेतलेली) आहे की नाही हे पाहावे, कारण न केलेली तारीख सरळ वजाबाकीने इसवीसनात आणता येत नाही.

इसवीसनपूर्व सहस्रक मोजताना घड्याळ उलटे चालते. तिसरे सहस्रक म्हणजे इ.स.पू. ३००० ते २००१. त्याचा उत्तरार्ध इ.स.पू. २५०० पासून २००१ पर्यंत, म्हणजे लहान आकड्यांकडचा. पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या उत्खननस्थळाचा आद्य जोर्वे काळ इ.स.पू. १४०० ते १०००, तो दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात पडतो. आणि शून्य साल नाही: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. म्हणून इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे अंतर ९९ वर्षांचे. विसावे शतक १९०१ ते २००० असे धरतात तेही त्यामुळेच. खगोलगणितात मात्र शून्य साल असते आणि तिथे ते इ.स.पू. १ च्या जागी येते.

इंग्रजीत ‘एटीन हंड्रेड्स’ म्हटले की १८०० ते १८९९, म्हणजे जवळजवळ सगळे एकोणिसावे शतक. अनुवादात त्याचे ‘अठरावे शतक’ होते आणि फुले-आगरकर शंभर वर्षे मागे जातात. ‘नाइन्टीन हंड्रेड्स’ तर आणखी निसरडे: कधी अख्खे शतक, कधी फक्त पहिली दहा वर्षे. संदर्भातून उलगडा होत नसेल तर मूळ लेखातल्या घटनांच्या तारखा पाहाव्यात, अंदाज करू नये. दशकांसाठी ‘१९८०चे दशक’ लिहावे. ‘नववे दशक’ लिहिले की कुणी १९८१ ते १९९० धरतो, कुणी १९९०ची दहा वर्षे.

अर्ली-लेट आणि लोअर-अपर यांच्याकडे अनुवादकाचे सहसा लक्ष जात नाही. पहिली जोडी काळाची, दुसरी खडकांची. लेट क्रिटेशसमध्ये प्राणी जगला, आणि त्याची हाडे अपर क्रिटेशसच्या थरांत मिळाली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या इसिसॉरस या डायनोसॉरबद्दल लिहिताना दोन्ही वाक्ये लागतात. मराठीत पहिल्याला ‘उत्तर क्रिटेशस काळ’ आणि दुसऱ्याला ‘वरचे क्रिटेशस थर’ म्हटले की काम होते. ‘उच्च क्रिटेशस युग’ मात्र नको.

जुने पुस्तक हाताशी असेल तर टर्शरी हा शब्द भेटेल. तो आता औपचारिक तक्त्यात नाही, त्याच्या जागी पॅलिओजीन आणि निओजीन आहेत. म्हणूनच डायनोसॉर संपल्याच्या सीमेला पूर्वी के-टी (क्रिटेशस-टर्शरी) म्हणत, आता के-पीजी (क्रिटेशस-पॅलिओजीन) म्हणतात. क्वाटर्नरीची सुरुवातही २००९ साली १८ लाखांवरून २५ लाख ८० हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेली गेली. त्याआधीच्या पुस्तकातला प्लाइस्टोसीनचा (क्वाटर्नरीतल्या पहिल्या इपॉकचा) आकडा चुकलेला नसतो, जुन्या तक्त्यातला असतो. अँथ्रोपोसीनला (माणसाच्या प्रभावाच्या काळाला) इपॉकचा दर्जा देण्याचा प्रस्ताव २०२४ साली फेटाळला गेला. लेखात तो शब्द वापरायला हरकत नाही, पण ‘होलोसीन युग संपून अँथ्रोपोसीन युग सुरू झाले’ असे वाक्य असेल तर ते ज्याचे मत आहे त्याच्या नावावर घालावे.