मिनी ट्रॅक्टर ट्रॉलीत घालून आणला, माझा अनुभव

द्राक्षबागेच्या फवारणीसाठी वणीकडून सेकंडहँड महिंद्राचा युवराज मिनी ट्रॅक्टर घेतला, १५ एचपी, एक सिलिंडर. आमच्या ओळी ९ फुटांच्या, मोठा ट्रॅक्टर वेलींच्या मांडवाखाली घातला की काड्या मोडतात म्हणून हा. आता निफाडला आणायचा कसा? पिकअपवाल्याने भाडं सांगितलं ते ऐकून म्हटलं राहू दे, आपला मोठा ट्रॅक्टर आणि दोन चाकी ट्रॉली आहे की, दाजींना घेतलं आणि गेलो.

ट्रॉली बांधाला रिव्हर्स लावली, फाळका म्हणजे मागचं झडप काढलं, बाभळीच्या दोन फळ्या टाकल्या. मी सरळ तोंडाने चढवायला निघालो तर दाजी ओरडले, अरे उलटा घाल, पुढून चढवला तर तोंड उचलेल. बरोबर होतं त्यांचं. वळवून रिव्हर्सला लो गिअरमध्ये घेतला, मागची चाकं ट्रॉलीच्या कडेवर आली आणि खाडकन ट्रॉलीचं मागचं टोक खाली बसलं, हुकाची बाजू वर, मोठ्या ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन तो चार बोटं सरकला. पावणेआठशे किलोच्या आसपासचं वजन आणि खाली टेकूच नाही! मी घाबरून ब्रेक मारला तर एकच पायडल दाबलं गेलं, डाव्या-उजव्या चाकाच्या ब्रेकची वेगवेगळी पायडलं जोडणारी पट्टी लावायची राहिली होती, ट्रॅक्टर डावीकडे तिरका झाला. एक टायर फळीच्या कडेवर अर्धा लटकलेला, खाली बघवत नव्हतं.

हळूच खाली घेतला. मग ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली ओंडका ठोकून बसवला, फळ्या दोराने ट्रॉलीला बांधल्या, पट्टी लावली, दुसऱ्यांदा एका दमात चढला. मागे सरकवत चाकांच्या आसाच्या जरा पुढे उभा केला म्हणजे हुकावर थोडा भार राहतो, नाहीतर ट्रॉली रस्त्यावर शेपटी हलवते.

बांधायला दोन साखळ्या पुढच्या एक्सलला, दोन मागे, तिरक्या. दोर आधी स्टिअरिंगच्या रॉडला बांधत होतो, रॉड वाकेल म्हणून दाजींनी शिवी हासडली. चारही टायरला दगड, गिअरमध्ये टाकून हँडब्रेक. पाच किलोमीटरवर थांबून बघितलं तर एक साखळी दोन बोटं ढिली. पिंपळगावला कांद्याच्या ट्रॉल्यांमध्ये अर्धा तास अडकलो ते वेगळंच.

घरी ओंडका लावून उतरवला, आधी फळ्या पाहिल्या तर डावी गाठीपाशी तडकलेली. दुसऱ्या दिवशी आईने ती फोडून बंबात घातली.