मखमलीसारखे अस्तर

खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. पचनसंस्थेच्या पाठाला फळ्यावर नागमोडी नळी काढून शेजारी ‘लहान आतडे, सुमारे ६ मीटर’ असे लिहायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. यंदा मात्र मटणाच्या दुकानातून बकऱ्याच्या आतड्याचा वीतभर तुकडा, आतून न खरवडता, मुद्दाम मागून आणला. तो उभा चिरून, मिठाच्या पाण्याने हलकेच धुऊन, पाणी भरलेल्या ताटलीत पसरला आणि भिंग मुलांच्या हाती दिले. पाण्याबाहेर बुळबुळीत आणि सपाट वाटणारे अस्तर पाण्यात शिरताच लव उभी राहावी तसे उभारले. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, ह्ये मखमलीगत हाय की!”

त्या मखमलीचा प्रत्येक धागा म्हणजे एक उद्वर्ध, आतड्याच्या अस्तरावरचा बोटासारखा बारीक उंचवटा. माणसात त्याची उंची अर्धा ते एक मिलिमीटर असते आणि त्यावर पेशींचा एकच थर असतो. शिवाय प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर हजारो सूक्ष्म उद्वर्ध असतात. ते मात्र भिंगाला दिसत नाहीत. हे सारे पसरले तर टेनिसचे मैदान भरेल असे मी अनेक वर्षे सांगत आलो, पण २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप करून हे क्षेत्रफळ सुमारे ३० चौरस मीटर ठरवले. तेव्हापासून मी माझे वाक्य बदलले आहे.

जोंधळ्याची भाकरी चावून गिळली म्हणजे ती शरीरात गेली, असे आपण समजतो. खरे तर त्या एका पेशीच्या थरापलीकडे जाईपर्यंत ती बाहेरच असते. लाळ आणि स्वादुपिंडाचा रस पिठातील स्टार्चचे लहान लहान तुकडे करतात, परंतु शेवटचा घाव घालणारी विकरे (एन्झाइम) सूक्ष्म उद्वर्धांच्या पृष्ठभागावरच रोवलेली असतात, त्यामुळे ग्लुकोज सुटते ते अगदी दाराशी. हे दार त्याला एकट्याला आत घेत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन आत जातात, आणि पेशी आपल्या मागच्या बाजूने सोडियम सतत उपसून टाकत असल्यामुळेच पुढून त्याची ओढ टिकून राहते.

सोडियम-ग्लुकोजची ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. तिचे मोल कळले ते १९७१ साली, पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत. पटकीची (कॉलऱ्याची) साथ होती, सलाईन संपत आले होते, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून रुग्णांना पाजायला लावले. पटकीत आतडे पाणी बाहेर टाकत असले तरी सोडियम-ग्लुकोजचे दार शाबूत असते. ती दोन्ही आत गेली की पाणीही मागोमाग जाते. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. जुलाब लागले की आमची आजी गूळ-मिठाचे पाणी घोट घोट पाजत असे. गुळातील साखर आतड्याच्या अस्तरावरच फुटून ग्लुकोज देते, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरी आज पुडी हाताशी असताना मोजून मिसळलेले ओआरएसच द्यावे, कारण मीठ जास्त झाले तर ते मुलाला बाधते.

तुपाची वाट मात्र निराळी. पित्तामुळे त्याचे बारीक थेंब होतात, विकरांनी सुटलेले भाग पेशीत शिरतात, तेथे पुन्हा जुळून प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळले जातात आणि रक्तात न जाता उद्वर्धाच्या मधोमध असलेल्या लसीकावाहिनीत, म्हणजे लसीका (लिम्फ) वाहून नेणाऱ्या नळीत, उतरतात. तेथून वर चढत ते डाव्या मानेच्या बुडाशी शिरेत मिसळतात. हा फेरा ऐकून मुलांनी आपापल्या मानेला हात लावून पाहिला.

तास संपल्यावर ताटली उचलताना तळाशी पांढुरका गाळ दिसला. अस्तर सुटू लागले होते. जिवंतपणीही या पेशी झडतातच, पण उद्वर्धाच्या पायथ्याशी नव्या जन्मून वर सरकत राहतात आणि तीन ते पाच दिवसांत सारे अस्तर नवे होते. त्या मुलीने वहीत उद्वर्ध काढला होता: आत लाल शिसपेन्सिलीने रक्तवाहिन्या, मधोमध पिवळी लसीकावाहिनी, आणि माथ्यावर गळून पडणाऱ्या दोन पेशी.