तुम्ही विचारलंत म्हणून : मॅकवरची बटणं मी का बदलून घेते

प्रकाशनात नवीन कुणी आलं की आठवड्याभरात विचारतंच, "ताई, मॅकवर कीबोर्डच्या कंट्रोल आणि कमांड बटणांची अदलाबदल का केलीय? मॅकचे शॉर्टकट सरळ शिकून का नाही घेत?" एकदा नीट सांगते.

शिकले आहे. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. पण मजकूर जुळवताना डोकं मध्ये येतच नाही, बोटं आपापली चालतात. सकाळी नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये विंडोज, दुपारी तुमच्याकडे मॅक, रात्री घरी उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच आणखी एक संगणक प्रणाली. कॉपी करायला विंडोजवर करंगळी कंट्रोलवर, मॅकवर अंगठा कमांडवर. भाषा बदलायची तर विंडोजवर विंडोज-स्पेस, मॅकवर कंट्रोल-स्पेस. इन्स्क्रिप्टची, म्हणजे मराठी टायपिंगच्या मांडणीची, अक्षरं मात्र तिन्हीकडे तीच, म कायम सी वर आणि न कायम व्ही वर. अक्षरं जागची हलत नाहीत, मग बाकीच्यांनीच का हलावं?

पूर्वी मीच उलटं म्हणायचे. जसा देश तसा वेश, मशीन बदललं की आपण बदलायचं. एका दिवाळी अंकाच्या शेवटच्या आठवड्यात ते संपलं. शेजारी एक वयस्क कवी दुरुस्त्या सांगत बसले होते. मनगट आधीच ठणकत होतं, म्हणून माऊस नको होता. दिवसभर विंडोजवर काम करून आलेली बोटं मॅकवर प्रत्येक दुरुस्तीला अडत होती. ओळ उचलायची, खाली बघायचं. इंग्रजी शीर्षक, खाली बघायचं. ओळीच्या सुरुवातीला जायला होम दाबावं, तर मजकूर पार वर पळायचा आणि कर्सर तिथेच. कवी बराच वेळ गप्प होते. मग अगदी मायेने म्हणाले, "ताई, सवय नसेल तर राहू द्या. दुसरं कुणी येणार असेल तर मी थांबतो."

इतकी वर्षं मी हेच काम करते. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घरचा साधा कीबोर्ड आणून मॅकला जोडला. त्यावरचं विंडोजचं बटण मॅक कमांड म्हणून घेतो, ते आणि कंट्रोल सेटिंगमध्ये उलटंपालटं केलं. आता तिन्हीकडे कंट्रोल-सीने कॉपी होतं आणि विंडोज-स्पेसने भाषा बदलते. याला तुम्ही नखरे म्हणता. म्हणा.

मॅकची मूळ मांडणी वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. अनडू, कट, कॉपी, पेस्टसाठी झेड-एक्स-सी-व्हीची जोडणी ॲपलच्या १९८३ च्या लिसा संगणकावरही होती, विंडोजने ती नंतर कंट्रोलवर घेतली. कंट्रोल-सीला टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालू प्रोग्रॅम थांबवायचं जुनं काम आहे, म्हणून उबुंटूच्या टर्मिनलमध्ये कॉपी करायला शिफ्टही दाबावं लागतं. मॅकवर कमांड वेगळं असल्यामुळे ही भानगडच नाही. शिवाय करंगळी ताणण्यापेक्षा अंगठा बरा, हे माझं मनगटच सांगतं. मग विंडोजच मॅकसारखं का नाही करून घेतलं? प्रेसमधलं मशीन चौघं वापरतात म्हणून, असं मी सांगते. ते कारण मलाही पुरेसं वाटत नाही.

आणि सगळं जुळलंय असंही नाही. विंडोजवर ऑल्ट-टॅबने खिडकी बदलते, मॅकवर आता ते काम कंट्रोल-टॅबकडे गेलंय. तिथे बोटं अजून थबकतात.

अदलाबदल फक्त माझ्या लॉगिनमध्ये आहे. तुमच्या लॉगिनने बसा, तिथे मी काहीही हलवलेलं नाही.