स्टाइनबेकच्या मागावर: कॅनरी रोवर पैसे घालवू नका, सलिनासला जा

ज्यांना नुसतं अ‍ॅक्वेरियम बघायचंय त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरेला खुशाल जा. पण अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक वाचलाय म्हणून त्याच्या कादंबरीतली ती कॅनरी रो (मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांचा रस्ता) बघायला निघाला असाल तर आधीच सांगते, तिथे आता टीशर्ट, टॉफी आणि पार्किंग एवढंच उरलंय.

आणि पार्किंगबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. एका प्रायव्हेट लॉटच्या बोर्डवर मोठ्या अक्षरात तासाचा रेट लिहिलेला, म्हणून आत वळलो, आणि निघताना मशीन ३५ डॉलर मागतंय. का, तर वीकेंडला फ्लॅट रेट. ती पाटी कुठे, तर आत एका खांबामागे, गाडी लावून झाल्यावरच दिसेल अशी. नवरा म्हणाला जाऊ दे गं, मी तिथल्या पोराशी चांगली हुज्जत घातली, त्याने खांदे उडवले, पैसे गेले ते गेलेच. तर गाडी शेजारच्या पॅसिफिक ग्रोव्ह गावाच्या बाजूला रस्त्यावर लावा (वेळेची पाटी नीट वाचून), आणि लव्हर्स पॉइंटपासून समुद्राच्या कडेने जो ट्रेल आहे त्यावरून मैलभर चालत या. जुलैमध्येसुद्धा जॅकेट लागतं.

मुळात स्टाइनबेकच्या वेळी या रस्त्याचं नाव ओशन व्ह्यू अ‍ॅव्हेन्यू होतं. 'कॅनरी रो' ही कादंबरी १९४५ ची, सार्डिन मासा त्यानंतर थोड्याच वर्षांत संपला, कारखाने बंद पडत गेले आणि १९५८ मध्ये गावाने रस्त्यालाच पुस्तकाचं नाव दिलं. १९६० ला तो स्वतः इथे परत आला तेव्हा त्यानेच लिहून ठेवलं की आता हे लोक सार्डिनऐवजी टुरिस्ट पकडतात. म्हणजे ३५ डॉलरला गळाला लागलेले आम्ही.

बघण्यासारखी एकच गोष्ट, ८०० नंबरची एड रिकेट्सची लॅब. काळपट लाकडाची साधी इमारत, पुढे जिना, आजूबाजूच्या चकचकीत गर्दीत पटकन लक्षातही येत नाही. दाराला कुलूप. ठरलेल्या दिवशीच्या टूरशिवाय उघडत नाही, आणि ज्यांनी ज्यांनी आम्हाला 'बघाच' म्हणून पाठवलं त्यातल्या एकानेही हे सांगितलं नव्हतं, तेव्हा आधी शहराच्या साइटवर तारीख बघा. रिकेट्स म्हणजे कादंबरीतला डॉक. समुद्री जीव गोळा करून कॉलेजांना विकायचा. स्टाइनबेकशी १९३० पासूनची दोस्ती, १९४० मध्ये दोघं वेस्टर्न फ्लायर बोटीने कॅलिफोर्नियाच्या आखातात जाऊन आले. मे १९४८ मध्ये इथेच रेल्वे क्रॉसिंगवर आगगाडीने त्याच्या कारला उडवलं, त्यातच तो गेला. तिथे त्याचा अर्धपुतळा आहे, ड्रेक अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर. फुकट आहे, बघा.

मग हायवे ६८ ने स्टाइनबेकचं जन्मगाव सलिनास, वीसेक मैल. दुपारी उशिरा निघालात तर ट्रॅफिकमध्ये अडकलातच.

सलिनासला लोक जात नाहीत, म्हणे काय आहे तिथे, लेट्यूसची शेतं. अहो, तीच तर बघायचीत! १९०२ ला तो जन्मला ते घर सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर आहे, आता तिथे स्वयंसेवक मंडळी रेस्टॉरंट चालवतात. फक्त दुपारचं जेवण, तेही रोज नाही, फोन करून जा. मेन स्ट्रीटच्या टोकाला स्टाइनबेक सेंटर, तिकिटाचे पैसे वसूल. १९६० मध्ये तब्येत बरी नसताना ज्या ट्रकमधून तो चार्ली कुत्र्याला घेऊन देशभर फिरला तो रोसिनान्ते तिथे उभा आहे. मागच्या लाकडी केबिनमध्ये डोकावलं की लक्षात येतं, उंचापुरा माणूस, जेमतेम वळायला जागा. (या प्रवासावरच्या त्याच्या 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' पुस्तकात बऱ्याच थापा आहेत, प्रत्यक्षात बऱ्याच रात्री हॉटेल-मोटेलातच काढल्या, हे नंतर लोकांनी शोधून काढलंय. असू दे.)

१९३९ ला स्थलांतरित शेतमजुरांच्या हालांवरची त्याची कादंबरी द ग्रेप्स ऑफ रॅथ आली तेव्हा इथले शेतमालक त्याच्यावर खवळले होते, खाली कर्न काउंटीने तर लायब्ररीतून पुस्तकच बाद केलं. पुढच्याच वर्षी पुलित्झर, १९६२ ला नोबेल, १९६८ ला माणूस गेला, आणि लगेच गावच्या लायब्ररीला त्याचं नाव. २००५ मध्ये पैसे नाहीत म्हणून गावातल्या सगळ्या लायब्ऱ्या बंद करायला निघाले होते, लोकांनी वाचवल्या. गार्डन ऑफ मेमरीजमध्ये आईकडच्या हॅमिल्टन कुटुंबाच्या जागेत त्याची समाधी आहे, जमिनीला टेकलेली छोटी पाटी. मोठं काही शोधत फिरू नका. त्याची लॉस गॅटोस आणि पॅसिफिक ग्रोव्हची घरं खाजगी आहेत, ती सोडून द्या.

आता फ्रीमाँट पीक, सलिनासच्या दरीवरचं शिखर. यासाठीच हे सगळं लिहायला बसले. सॅन वान बॉतिस्ता गावातून ११ मैल वळणावळणाचा रस्ता, ज्याला गाडी लागते त्याने रिकाम्यापोटी बसावं. पार्किंगपासून वर चढ फार नाही, पण शेवटचा टप्पा नुसते दगड, हात टेकून चढायचं, आणि वारा असा की मी दोनदा खाली बसले. सँडल घालून आलेलं एक जोडपं तिथूनच परत फिरलं, बरोबर केलं त्यांनी. ३१६९ फूट उंची, गडकिल्ले केलेल्यांना काहीच नाही, पण बूट हवेतच आणि पाणी खालून न्या.

वर पोचल्यावर एका बाजूला मॉन्टरेचा उपसागर, खाली सलिनासची अख्खी दरी, पलीकडे सांता लुसियाचे काळे डोंगर, स्टाइनबेकच्या ईस्ट ऑफ ईडन कादंबरीचं पहिलं पान जसंच्या तसं पसरलेलं. गावाचा शेवटचा निरोप घ्यायला तो इथेच आला होता, १९६० च्या त्याच प्रवासात. मी तर म्हणेन एकच दिवस असेल तर मॉन्टरे पूर्ण कापा, सकाळी सेंटर, दुपारी शिखर. एंट्रीसाठी सुट्टे डॉलर जवळ ठेवा, माझ्या फोनला वर रेंज नव्हती तेव्हा मॅप आधीच डाउनलोड करा, आणि अंधार पडायच्या आत तो घाट उतरा.