सापाचे पाय आणि मराठीतले दोन च

मुलांना सांगायला चिनी गोष्ट म्हटली की आधी माकडराजा आठवतो, पण झोपायच्या वेळेला ती फार लांबते. घरात कोणी चिनी शिकत असेल तर 'छंगयू'पासून सुरुवात करावी. छंगयू म्हणजे बहुधा चार अक्षरी वाक्प्रचार, आणि पुष्कळांच्या पोटात पाच मिनिटांची गोष्ट असते.

पहिली घ्यावी 'हुआ षऽ थिएन चू', म्हणजे साप काढला आणि वर पाय जोडले. प्राचीन चीनमधल्या छू राज्यात पूजा आटोपल्यावर यजमान गड्यांना दारूचा एक पेला देतो. सगळ्यांना तो पुरायचा नाही, एकट्याला मात्र भरपूर. मग पैज लागते: जमिनीवर साप काढायचा, ज्याचा आधी पुरा होईल त्याचा पेला. जिंकलेला गडी डाव्या हातात पेला धरून उजव्या हाताने सापाला पाय काढत बसतो. तेवढ्यात दुसऱ्याचा साप पुरा होतो आणि तो पेलाच हिसकावतो: "सापाला कुठे पाय असतात?"

दारूचं सरबत करायचं तर खुशाल करा, पण डावा-उजवा हात सोडू नका. सगळी गंमत तिथे आहे. मुळात ही गोष्ट मुलांसाठी नव्हतीच. वेई राज्याची आठ शहरं घेऊन छी राज्यावर निघालेल्या छूच्या सेनापतीला थोपवायला एका मुत्सद्द्याने ती सांगितली. जिंकल्यावर आणखी काही करायला गेलं तर हातचंही जातं, हे पटून सेनापती माघारी फिरला.

गोष्ट मराठीत सांगा, पालुपद चिनीत ठेवा: "षऽ मेइयोउ चिआओ", सापाला पाय नाहीत. पिनयिन, म्हणजे चिनीचं रोमन लेखन, इंग्रजीसारखं वाचलं की उच्चार बिघडतात. तिथला टी म्हणजे आपला थ आणि डी म्हणजे त. 'चू'मधला च चुलीतला, 'चिआओ'मधला चित्रातला. मराठी जिभेला दोन्ही फुकट मिळालेत. दोन्ही शब्दांचा अर्थ पायच, पण 'चू' जुन्या ग्रंथातला. बूट चावला तर दुखतो तो 'चिआओ'.

घोटाळा होतो तो सुरांचा: चिनीत आवाजाचा चढउतार बदलला की शब्दच बदलतो. वाक्प्रचाराचे सूर हाताने हवेत काढा: खाली, वर, सपाट, वर. पालुपदातला 'चिआओ' मात्र खाली दाबायचा. सांगणारा रंगात येऊन प्रश्न विचारल्यासारखा आवाज चढवतो आणि पायाचं 'चावणे' होऊन बसतं.

दुसऱ्या रात्री तीच गोष्ट, भर फक्त 'ई थिआओ षऽ'ची: एक साप. हा 'थिआओ' लांबुळक्या वस्तू मोजायचा शब्द. नदी, रस्ता, विजारसुद्धा त्यानेच मोजतात.

तैवानची वाघीण-आजी, म्हणजे आजीचं सोंग घेतलेल्या वाघिणीची गोष्ट, दिवसा सांगावी. अंधारात ती काहीतरी कुरुमकुरुम खाते, विचारलं तर म्हणते शेंगदाणे. असतात धाकट्या भावंडाची बोटं. त्यानंतर दिवा कोण मालवू देईल?

गुराखी आणि विणकरणीची गोष्ट गच्चीवरची. ताटातूट झालेलं हे जोडपं म्हणजे दोन तारे: ती अभिजित, तो श्रवण, मध्ये आकाशगंगा. चिनी सातव्या महिन्याच्या सप्तमीला कावळ्याच्या कुळातले मॅगपाय पक्षी त्यांच्यासाठी पूल बांधतात. श्रवणाच्या दोन्ही अंगांना एकेक फिकट तारा दिसतो; ती गुराख्याची दोन मुलं, कावडीच्या टोपल्यांत बसवलेली. मराठी मूल इथे श्रवणबाळाचं नाव काढणारच, तर सांगून टाका: त्या कावडीत आईबाप, या कावडीत लेकरं. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्री नऊच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली तर, दोन्ही तारे उंचावर असतात.