दारव्हा लिहिणारं बटण

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं केंद्र चालवते. जुलैअखेर पीक विम्याची गर्दी झाली की दिवसभर कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट. मनगट धरून यायचं. मग भाच्याने बाजूला टाकलेला स्वस्तातला गेमिंग माऊस मागून आणला. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतो, ही त्याची तक्रार.

माऊसचं सॉफ्टवेअर डाउनलोड करून आधी तोच दोष बघितला. बटणाखालच्या स्विचची पत्ती टेकताना थरथरते, झिजली की जास्तच. ती थरथर माऊसने किती वेळ सोडून द्यायची, ते 'डिबाउन्स'मध्ये ठरतं. मी ४ मिलिसेकंदांचे १२ केले आणि दुसरा क्लिक थांबला. गेम खेळणाऱ्याला तेवढा उशीर खुपत असेल. मला लोकांचा फॉर्म दोनदा जमा होऊन चालत नाही.

अंगठ्याखालच्या दोन बटणांना कॉपी आणि पेस्ट दिलं. आता डावा हात सातबाऱ्यावरची ओळ धरून ठेवायला मोकळा असतो. खाते क्रमांकात चूक व्हायची भीती त्यानेच कमी झाली.

खरी मजा मॅक्रोत आली, म्हणजे एकदा टाइप केलेलं रेकॉर्ड करायचं आणि नंतर एकाच बटणाने उमटवायचं. तहसीलच्या अर्जात दर वेळी 'दारव्हा' लिहावं लागतं, म्हणून ते वरच्या बटणावर रेकॉर्ड केलं. दाबलं तर उमटलं ओ-ई-जे-बी-डी-यू-ई! बराच वेळ बघत बसले. मग उमगलं. मॅक्रो अक्षरं साठवत नाही, कळा साठवतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत द म्हणजे ओ, काना म्हणजे ई, र म्हणजे जे. कीबोर्ड इंग्रजीवर राहिला होता. मराठीवर आणला आणि 'दारव्हा' लख्ख उमटलं. दोन कळांमध्ये ३० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं, नाहीतर आमचा जुना संगणक एखादं अक्षर गिळतो.

म्हणून माऊसमध्ये दोन प्रोफाइल, म्हणजे बटणांच्या सेटिंगचे दोन संच केले: मराठी कामाचा हिरवा लाइट, इंग्रजीचा निळा. लाइट बघूनच कीबोर्ड तपासते. हे सगळं माऊसच्याच मेमरीत राहतं, त्यामुळे दुसऱ्या संगणकाला लावला तरी बटणं तशीच चालतात.

परवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या आजोबांनी विचारलं, "पोरी, या उंदराच्या पोटात लाइट काहून जळते वं?"

"हिरवा जळला की मराठी, आजोबा. निळा जळला की इंग्रजी."

"मंग माह्या फारमाले हिरवाच ठेव."